‘टेन्शन घेऊ नको’ म्हणण्यापूर्वी

‘टेन्शन घेऊ नको’ हा आपल्याकडे सर्वात सढळ हाताने वाटला जाणारा सल्ला. बारावीच्या विद्यार्थ्याला तो मिळतो, कर्जाचा हप्ता थकलेल्या दुकानदाराला मिळतो, रक्तदाब मोजून झाल्यावर रुग्णाला मिळतो आणि घरातले आजारपण काढता काढता स्वतःच थकलेल्या सुनेलाही मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. फसवे आहे ते या वाक्यातले ‘घेऊ’ हे क्रियापद. ताण म्हणजे जणू ताटात वाढलेला पदार्थ; नको असेल तर हात आडवा धरावा आणि नाही म्हणावे. शरीरशास्त्र गेली शंभर वर्षे वेगळे काही सांगत आले आहे. ताणाला शरीर उत्तर देते ते आपल्याला विचारून नव्हे. आणि ते उत्तर संपायचे कधी, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांतल्या बऱ्याचशा त्या एकट्या माणसाच्या हातात नसतात.

रस्ता ओलांडताना अंगावर गाडी येते आहे असे दिसताच आपण मागे उडी मारतो. ‘गाडी आली’ हे मनात उमटते ते त्यानंतर. मेंदूच्या आत खोलवर, बदामाएवढा अमिग्डला नावाचा भाग असतो. धोक्याची खूण त्याने ओळखली की हायपोथॅलॅमसकडे निरोप जातो आणि तिथून चेतातंतूंमार्फत थेट मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे. त्या अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. छाती धडधडू लागते, श्वास वाढतो, बाहुल्या विस्फारतात, पचन मंदावते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. हे सारे काही सेकंदांत. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी हार्वर्डमध्ये प्राण्यांवर प्रयोग करून १९१५ च्या आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले. ‘लढा किंवा पळा’ ही आज सर्वांना ठाऊक असलेली कल्पना त्यांचीच.

पहिल्या लाटेमागून दुसरी, जरा सावकाश येणारी लाट असते. हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला रासायनिक संदेश पाठवतो, पियुषिका अधिवृक्क ग्रंथीला पाठवते आणि काही मिनिटांत रक्तातले कॉर्टिसॉल वाढू लागते. अ‍ॅड्रेनलिन हातातली रोकड असेल, तर कॉर्टिसॉल म्हणजे मोडलेली ठेव. ते साठवलेल्या ऊर्जेतून साखर मोकळी करते आणि दाह आवरते; प्रतिकारशक्ती, वाढ, प्रजनन ही उद्यावर ढकलता येणारी कामे तात्पुरती मागे पडतात. घराला आग लागलेली असताना कोणी भिंतींना रंग देत बसत नाही. शरीरही तेच शहाणपण दाखवते.

म्हणून ताणाचा प्रतिसाद हा आजार नाही. त्याच्याशिवाय आपला निभाव लागणार नाही. ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही, अशा अ‍ॅडिसन्स आजाराच्या रुग्णांना साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. परीक्षेआधी, सामन्याआधी, रंगमंचावर जाण्याआधी पोटात उठणारा गोळा हा बहुतेक वेळा मदतनीसच असतो. मराठीत ‘ताण’ हा शब्द मोठा नेमका आहे. तंबोऱ्याची तार ताणल्याशिवाय सुरात लागत नाही. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हेही आपलीच भाषा सांगते.

तुटणे कुठे सुरू होते, याचा पहिला पुरावा मॉन्ट्रियलमध्ये मिळाला. हॅन्स सेल्ये या तरुण संशोधकाने उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये असे नाना प्रकारचे त्रास दिले. त्रास वेगवेगळे, पण परिणाम सारखेच होते: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण एका छोट्या टिपणात मांडले. शरीरावरच्या या बोजासाठी पुढे त्यांनी पदार्थविज्ञानातला ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ केला. सेल्ये यांची मांडणी पुढे पुष्कळ दुरुस्त झाली. माणसाच्या पोटातले बहुतांश व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात हे नंतर सिद्ध झाले. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. ‘सगळे आजार टेन्शनमुळेच’ असे ठोकून देणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. पण सेल्ये यांचा मूळ मुद्दा टिकला: लांबलेला ताण शरीरावर खुणा सोडतो.

तो लांबतो का? कारण या यंत्रणेला सुरू होण्याइतकीच बंद होण्याचीही गरज असते. कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूत पोहोचते, ‘पुरेसे झाले’ हा निरोप देते आणि मेंदू पुढची मागणी थांबवतो. हा निरोप वाचणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस, आपल्या स्मृतीचे केंद्र. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक रेणू असल्याचे दाखवले. म्हणजे ताणाचे रसायन केवळ हृदय-यकृतापुरते नव्हते. ते स्मृतीच्या घरात जाऊन पोहोचत होते. धोका तासाभरात टळला तर ही बंद करण्याची व्यवस्था चोख चालते. पण धोका म्हणजे वाघ नसून दर महिन्याचा हप्ता असेल, तर? रात्री अकरा वाजता वाजणारा कार्यालयाचा मोबाइल असेल, उद्या काम मिळेल की नाही ही धास्ती असेल, तर घंटा वाजतच राहते. या सततच्या जुळवाजुळवीची शरीराला चुकवावी लागणारी किंमत म्हणजे झीज. १९९३ मध्ये मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी तिला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

ही झीज मोजता येते. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस कीकॉल्ट-ग्लेझर यांच्या गटाने १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक बारीक जखम केली आणि ती भरायला लागणारे दिवस मोजले. तशाच वयाच्या, पण हा भार नसलेल्या १३ स्त्रियांच्या तुलनेत त्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता, पण त्याची दिशा पुढच्या अनेक अभ्यासांनी पक्की केली. भारतासह ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्यांची तुलना निरोगी माणसांशी केली गेली. घरी आणि कामावर सततचा ताण असल्याचे सांगणाऱ्यांत झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्याच पंक्तीत मानसिक-सामाजिक ताण येऊन बसला.

मेंदूतील झिजेबद्दलचे महत्त्वाचे काम तर आपल्याच देशातले आहे. बेंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना दहा दिवस रोज दोन तास हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. अमिग्डलामध्ये मात्र नेमके उलटे घडले. तिथल्या फांद्या वाढल्या. आठवणीचे, संदर्भ लावण्याचे केंद्र दुबळे होते आणि भीतीचे केंद्र बळावते, असा याचा अर्थ. दोन वर्षांनी याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: ताण थांबला की हे बदल मागे फिरतात का? २१ दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डलातली वाढ आणि उंदरांचा भेदरलेपणा तसाच राहिला. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावायचे नसतात. पण ‘चार दिवस गावी जाऊन ये, बरं वाटेल’ हे नेहमीच का पुरत नाही, याचा काही उलगडा त्यातून होतो.

माणसांच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्टही आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार, नियोजन, आवर घालणे ही कामे करतो आणि ताणात तो सर्वात आधी ढिला पडतो. ऐनवेळी येत असलेले उत्तर न आठवणे किंवा मुलांवर उगाच खेकसणे त्यातूनच येते. न्यूयॉर्कमध्ये महिनाभर मोठ्या परीक्षेच्या तयारीत बुडालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा २००९ मध्ये अभ्यास झाला. एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवण्याची त्यांची क्षमता आणि त्यामागची मेंदूतली जोडणी, दोन्ही मंदावल्या होत्या. परीक्षेनंतर महिनाभर उसंत मिळाली आणि दोन्ही पूर्ववत झाल्या. उसंत ही चैन नाही, मेंदूच्या दुरुस्तीचा तो काळ आहे, एवढे यातून नक्की कळते.

आता मुख्य प्रश्न. सारखाच त्रास दोघांना झाला तरी एक मोडतो आणि दुसरा तरतो, असे का? आपले नेहमीचे उत्तर ‘मनाचा कणखरपणा’ हे असते. १९६० आणि ७० च्या दशकांत जे वाइस या संशोधकाने त्यापेक्षा नेमके उत्तर शोधले. दोन उंदरांच्या शेपट्यांना एकाच तारेतून, एकाच क्षणी, तेवढाच विजेचा झटका बसत असे. फरक एकच: एका उंदराला समोरचे चाक फिरवून झटका थांबवता येई, त्याने थांबवला की दुसऱ्याचाही थांबे. दुसऱ्याने चाक फिरवून मात्र काही होत नसे. झटके दोघांनाही सारखे, तरी ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याच्या जठरात कितीतरी जास्त व्रण सापडले. झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज मिळणारे उंदीरही, अचानक झटका बसणाऱ्यांपेक्षा बरे राहिले. म्हणजे त्रास किती, याइतकेच त्यावर आपले काही चालते का आणि तो कधी येणार हे कळते का, याला महत्त्व आहे.

हेच माणसांच्या कचेरीत दिसले. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. समज असा की ताण साहेबाला, शिपायाला कसला? मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा चित्र उलटे निघाले. सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. यांपैकी कोणी बेघर किंवा उपाशी नव्हते. नोकरी सरकारी आणि वैद्यकीय सेवा सर्वांना मोफत. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी या दरीचा काही भागच उलगडत होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्त्रियांचाही समावेश झाला आणि एक धागा स्पष्ट झाला: आपल्या कामावर आपले नियंत्रण ज्यांना कमी वाटते, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

आणि हे कार्यालयाच्या दारात संपत नाही. स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीतील स्त्री आणि पुरुष व्यवस्थापकांची तपासणी मारियाना फ्रँकेनहॉयझर यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर दोघांच्याही शरीरात ताणाची रसायने चढलेली असत. संध्याकाळी काम सुटल्यावर पुरुषांची पातळी उतरू लागे. स्त्रियांची उतरत नसे; त्यांची दुसरी पाळी घरी सुरू होत असे. विरारची लोकल पकडून घरी पोहोचणाऱ्या आणि ओट्यापाशी उभे राहून कुकर लावता लावता मुलाचा अभ्यास घेणाऱ्या बाईला हे समजून घेण्यासाठी स्वीडनचा दाखला लागणार नाही. तो लागला तर तिच्या घरच्यांना.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे काय चालले आहे? आठवड्याला ७० तास, ९० तास काम करावे, अशी विधाने उद्योगजगतातील मोठ्या माणसांनी केली आणि त्यांवर विनोदही भरपूर झाले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास, आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली, तो विनोद नव्हता. आठवड्याचे मूळ ४८ तास कायम राहतात आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागते, असे त्याचे समर्थन आहे. साधा हिशेब करू. तीन महिन्यांचे १३ आठवडे धरले तर १४४ तास म्हणजे आठवड्याला सुमारे ११ तास; ४८ मध्ये मिळवले की ५९. जुन्या मर्यादेतही हा आकडा ५६ च्या पुढे जातच होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आहे. आणि संमतीचे काय? ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपते, त्याची सही म्हणजे वाइस यांच्या दुसऱ्या उंदराचे चाक. ते फिरते, पण त्याने काही थांबत नाही.

व्यायाम, प्राणायाम, मित्रांशी गप्पा, पुरेशी झोप हे उपाय निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. सावकाश सोडलेला श्वास हृदयाची गती खरोखर उतरवतो. नियमित चालणे ताण आणि रक्तदाब दोन्ही हलके करते. रात्रीच्या झोपेच्या पूर्वार्धात कॉर्टिसॉल तळाला असते. ती झोप तोडली की उतारही तुटतो. जवळचे माणूस शेजारी असले तर ताणाचा प्रतिसाद सौम्य होतो, हेही सिद्ध झाले आहे. हे सारे जरूर करावे. पण ज्या संस्थेत रात्री दहाला उद्याच्या पाळीचा निरोप येतो, तिने वर्षातून एकदा ‘ताणमुक्ती शिबिर’ भरवून हात झटकावेत, ही थट्टा आहे. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यातला तो प्रकार आहे.

नळ बंद करण्याचे मार्ग विज्ञान सांगते आणि त्यांतले अनेक बिनखर्चाचे आहेत. पाळ्यांचे वेळापत्रक निदान दोन आठवडे आधी लावावे. कधी काय येणार हे कळणे हीच मोठी सवलत आहे. काम कोणत्या क्रमाने करायचे हे शक्य तिथे करणाऱ्याला ठरवू द्यावे. कामाची वेळ संपल्यावर फोन आणि संदेश थांबावेत. फ्रान्समध्ये या स्वरूपाची कायदेशीर तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. शाळांनी परीक्षांच्या आणि शिकवण्यांच्या तारखा एकमेकांवर आदळणार नाहीत एवढे पाहिले, तरी मुलांच्या घंटा थोड्या शांत होतील. आणि घरात ‘तू बस, आज मी बघतो’ हे वाक्य रोज कोणीतरी उच्चारले पाहिजे.

आपल्या कायद्याने ताण ओळखला आहे, पण अगदी कड्याच्या टोकावर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ म्हणते की, ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, उपचार व पुनर्वसन करावे. हे कलम माणुसकीचे आहे. पण तिथवर पोहोचण्याआधीची सारी वाट आपण त्या माणसाच्या ‘मनोबला’वर सोडली आहे. ज्यांना आताच ओझे असह्य झाले आहे, झोप उडाली आहे, नको ते विचार येत आहेत, त्यांनी वाट पाहू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. फोन करणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्याइतकेच ते सरळ आहे.

बाकीच्यांनी, म्हणजे साहेबांनी, शिक्षकांनी, आईवडिलांनी आणि कायदे करणाऱ्यांनी, ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणण्यापूर्वी आपण स्वतः किती देतो आहोत, हे एकदा मोजून पाहावे.